वहिनीमार्फत

पोर्ट व्हिला, व्हानुआतू
ता. ११ ऑगस्ट १९८६

केलेरावन्सं यांस, वासेमाथाचा सप्रेम नमस्कार वि. वि.

आम्ही सुखरूप आहोत. टोंगा झालं, सामोआ झालं, आता इथे मुक्काम, मग सॉलोमन बेटं आणि घर. उभा जन्म जहाजावर काढून ह्यांनी ज्या बंदरांच्या बढाया मारल्या, ती आता मला एकेक करून दाखवणं चाललंय. सामोआत, आपिया बंदरातल्या ज्या खाणावळीचं कौतुक ऐकत माझे केस पिकले, तिथे टायरचं दुकान निघालं. तरी हे दारात उभे राहून इथे डुक्कर कसं भाजायचे ते सांगत बसले, आणि दुकानदार बिचारा मान डोलवत होता.

आत्ता शेजारीच बसलेत. म्हणतात, तिला विचार, कोंबड्या अंडी घालतात का आणि अळूच्या वाफ्यात कुणाची डुकरं तर शिरली नाहीत ना. तुम्ही बहीण-भाऊ वयात आल्यापासून एकमेकांशी शब्द बोलला नाहीत. आपल्याकडची रीतच ती, पण तिच्यापायी लग्न होऊन आल्यापासून तुमच्यामधली टपालवाली मी झाले. परदेशातसुद्धा सुट्टी नाही.

एक सांगायचं राहिलं. इथल्याच मालेकुला बेटाच्या किनाऱ्यावर प्रवाळाने ह्यांचा पाय कापला. जखम लहान आहे, पण साखरेच्या आजाराने भरून येत नाही. मी मिठाच्या पाण्याने धुते. काळजी करू नका.

आठवण ठेवा, आणि अळूवरही नजर ठेवा.
आपली,
वासेमाथा

लेवुका, फिजी
ता. १९ ऑगस्ट १९८६

ती. वहिनीस, केलेराचा सा. न. वि. वि.

कोंबड्या तुमच्यापेक्षा मजेत आहेत. अळूत पाळकांची डुकरीण शिरली. मी काठी घेऊन धावले, म्हणून आता पाळकबाई चर्चमध्ये माझ्याकडे पाठ करून बसतात. बसू देत. डुकरीण तरी सुधारली.

पण वहिनी, पत्राचा शेवट मी तीनदा वाचला. काळजी करू नका असं लिहिलेलं पत्र मी आजवर काळजी न करता वाचलेलं नाही. जखमेचा रंग कसा आहे? वास येतो का? बोट दाबलं तर कळतं का त्यांना? वडिलांचा पाय शेवटी मीच धूत होते, म्हणून विचारते. तुमच्या यजमानांना सांगा, सॉलोमन बेटं कुठे पळून जात नाहीत. आधी घरी या.

उत्तर लगेच धाडा. तुमचं पत्र येईपर्यंत मला घास गोड लागायचा नाही.
तुमची,
केलेरा

होनियारा, सॉलोमन बेटं
ता. ३ सप्टेंबर १९८६

केलेरावन्सं यांस, सप्रेम नमस्कार.

तुमचा निरोप पोचवला होता. हे म्हणाले, तिला म्हणावं, एवढ्याशा जखमेसाठी मी घरी पळत नाही. आणि इथे पोचेतो पायाची करंगळी काळी पडली. डॉक्टर म्हणाला दोन बोटं ताबडतोब काढावी लागतील, नाहीतर पंधरवड्यात पाय जाईल, आणि त्याहून उशीर झाला तर मी काही सांगू शकत नाही. हे शांतपणे ऐकत होते. मग चप्पल घातली, त्याचे आभार मानले आणि बाहेर आले.

म्हणतात, माझा बाप सुव्हाच्या इस्पितळात आपल्या पायांनी चालत गेला आणि पेटीतून परत आला. सुरीने मारलं त्याला. मी सुरीखाली जाणार नाही. ह्यांचा एक जुना खलाशी मित्र तीन दिवसांच्या वाटेवरच्या बेटावर राहतो, तो झाडपाल्याचं औषध देतो म्हणे. तिकडची बोट सोळा तारखेला सुटते. तिथे डॉक्टर नाही, दवाखाना नाही.

मी रडले, भांडले, अबोला धरला. हे हसून विषय बदलतात, पण रात्री मी झोपले असं समजून दिवा लावून पाय बघत बसतात. हे भ्यालेत, आणि भ्यालेला माणूस कुणाचं ऐकत नाही. इथे मला ओळखीचं कुणी नाही. वन्सं, मला ह्यांना पेटीतून घरी आणायचं नाही. मी काय सांगू ह्यांना, तुम्हीच सुचवा.

हे पत्र उद्याच्या विमानाने जाईल. माझा जीव तुमच्या उत्तरात अडकलाय.
वासेमाथा

लेवुका
ता. ८ सप्टेंबर १९८६

ती. वहिनीस, सा. न. वि. वि.

सोबतचा बंद लिफाफा तुमच्यासाठी नाही. तो त्यांच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा. मी काय करते आहे ते मला कळतंय. घराण्यातल्या वडीलधाऱ्या काकांच्या कानावर गेलं तर मला गावासमोर बसवून जाब विचारतील. विचारू देत.

इतकी वर्षं तुमच्या तोंडून बोलले, आज तुम्हाला ओलांडून जाते. राग मानू नका.
केलेरा

*

ती. इसोआदादास, केलेराचा सा. न. वि. वि.

तू म्हणावं की तुम्ही, तेही मला ठाऊक नाही. शेवटचं बोललो तेव्हा तू म्हणत होते.

बाबा गेले तेव्हा तू जहाजावर होतास. तुला जे कळलं ते गावाने सांगितलं. पाय मी धूत होते, म्हणून खरं मला माहीत आहे. डॉक्टरने आधी दोनच बोटं मागितली होती. बाबा नाही म्हणाले, आणि पायाला फडकं गुंडाळून दोन महिने चर्चमध्ये पहिल्या रांगेत बसले. वास येऊ नये म्हणून मी खोबरेलात फुलं टाकून त्यांना चोळत असे. सुव्हाला नेलं तेव्हा मांडीपर्यंत काळं झालं होतं. सुरीने नाही मारलं त्यांना, उशिराने मारलं. तुला सांगायची मला मुभा नव्हती, आणि वहिनीमार्फत सांगणं म्हणजे बाबांनी झाकलेलं चव्हाट्यावर आणणं.

आपल्या रीतीने एवढं मोठं मागणं देवमाशाचा दात पुढे ठेवून करायचं असतं. तो लिफाफ्यात मावत नाही. तू आमच्या घरी येताना पायरीशी खोकतोस, मग मी मागच्या दाराने निघून जाते. सगळा जन्म मी त्या खोकल्यावर उठले आहे. तो यायचा थांबला तर मी काय करू? मला फार भीती वाटते, दादा. बोटं देऊन टाक.

तुझी बहीण,
केलेरा

होनियारा
ता. १४ सप्टेंबर १९८६

चि. केलेरास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. आधी राग आला. कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मी खिडकी लावून घेतली. मग पुन्हा वाचलं. तुझी वहिनी तेवढा वेळ बाहेर उन्हात उभी होती.

बाबांचं मला माहीत नव्हतं.

सोळाची बोट माझ्याशिवाय जाईल. मी इस्पितळात आहे. उद्या सकाळी बोटं काढतील, आणि तेवढ्यावर भागतं का ते आत पाहून ठरवतील. वादळात मी डोलकाठीवर चढलो आहे, पण ह्या खाटेवरून दारापर्यंतची पावलं मी पुन्हा पुन्हा मोजतो आहे. हे वहिनीला कळू देऊ नकोस, तिला वाटतं मी चिडलोय.

घरी आलो की रीतीने वागू. तोवर आणखी एक पत्र लिही. काहीही लिही, डुकरिणीबद्दल लिही.

तुझा भाऊ,
इसोआ

ता. क. (१५ सप्टेंबर) वन्सं, पत्र उशाशी उघडंच होतं, मी वाचलं. ह्यांना सांगू नका. दोन नाही, चार बोटं गेली. पाऊल वाचेल असं डॉक्टर आज तरी म्हणतो. ताप उतरलेला नाही, आणि मी खाटेपासून हललेले नाही. दुपारी डोळे न उघडताच ह्यांनी केलेरा, केलेरा अशा हाका मारल्या. तुम्ही नव्हता, म्हणून ओ मी दिली.