रावबहादुरांचा श्रावण

गिरगाव,
अधिक श्रावण वद्य षष्ठी, शके १८८०

तीर्थस्वरूप कमलाकांतदादाच्या चरणी राजूचा साष्टांग नमस्कार.

इकडील सर्व क्षेम आहे असं पत्राच्या सुरुवातीला लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. ते कितपत खरं, हे तूच पुढे वाचून ठरव. तुझा गुडघा आता कसा आहे? तिळाचं तेल नुसतं बाटलीत ठेवून गुण येत नाही, ते चोळावं लागतं, हे उर्मिलावहिनी तुला सांगतच असतील. त्यांना माझा नमस्कार.

तुझी तार काल पोचली. ‘शनिवारी येतो. अप्पांना नागपूरला नेतो. सामान बांध.’ तारवाल्याने ती अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचली, त्यामुळे सामान बांधायला सकाळपासून तीन शेजारणी येऊन गेल्या. दादा, तू घाबरलास यात तुझी चूक नाही. चूक आहे वरच्या मजल्यावरच्या जयवंताची. त्याने मला न विचारता तुला कार्ड टाकलं, आणि त्यात काय लिहिलं हे त्यानेच मला अभिमानाने सांगितलं: ‘आपल्या वडिलांनी अन्न सोडले आहे. वाडीत उत्साहाचे वातावरण आहे.’ (जयवंत संयुक्त महाराष्ट्र समितीचं काम करतो. सभेची पत्रकं लिहून लिहून त्याला साधं कार्ड लिहिता येईनासं झालंय.) तेव्हा खरं काय घडलं ते सविस्तर लिहिते. पत्र लांबेल. पण एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तू निश्चिंत मनाने वाचशील: आधी अन्न सोडलं ते अप्पांनी नव्हे, बेडकाने.

बेडूक कुठला, असं तू विचारशील. गेल्या पावसाळ्यात तो मागच्या दारातून मोरीत आला आणि राहिला. मी तुला कळवलं नाही, कारण घरात बेडूक आला ही काही तारेने कळवायची गोष्ट नव्हे. आई गेल्यापासून अप्पा कसे झाले होते ते तू पाहिलं आहेसच. दिवसभर खुर्चीत, हातात पंचांग, आणि पंचांगाचं पान तेच. मी शाळेतून आले की ‘जेवलात का?’ आणि ‘औषध घेतलंत का?’ एवढे दोन प्रश्न, आणि त्यांना दोन ‘हो’. मग हा आला. चांगला मुठीएवढा, पिवळसर, गळा फुगवून असा बसायचा की समोर आपण अर्ज घेऊन उभे आहोत असं वाटावं. त्याचं नाव रावबहादूर पडलं. अप्पांनीच ठेवलं असणार, कारण मी ठेवल्याचं मला आठवत नाही. मोरीच्या कोपऱ्यात मी त्याला गोणपाटाची ओली घडी घालून दिली, बशीत रोज वरणभात ठेवू लागले, आणि बशी रोज लख्ख होऊ लागली. घरात कोणीतरी पोटभर जेवतंय, याचं मला किती बरं वाटायचं ते तुला सांगून कळणार नाही.

आता यंदा श्रावण दोन. आधी हा अधिक, मग निज. आपल्याकडे श्रावणात मासळी उंबरठ्याच्या आत येत नाही, ते ठीक. पण अधिकातला श्रावण धरायचा की नाही, यावर वाडीत दोन तट पडले. अप्पांनी पंचांग मिटून ‘श्रावण म्हणजे श्रावण’ असा निकाल दिला. म्हणून आषाढी अमावास्येला आम्ही दोन महिन्यांची बेगमी एका दुपारी करून घेतली (तपशील लिहीत नाही, वहिनी हसतील), आणि दुसऱ्या दिवसापासून आपली कौसल्या कोळीण पाटी घेऊन मागच्या दारी यायची बंद झाली. आणि दादा, नेमक्या त्याच दिवसापासून रावबहादुरांनी बशीला तोंड लावलं नाही! प्रतिपदेला नाही, द्वितीयेला नाही. तृतीयेला मी भातावर तूप वाढलं. ते तुपाकडे न बघता भिंतीकडे बघत राहिले. मला भरून आलं. म्हटलं, मुका जीव, पण तिथी कळते. एवढंच की आपण फक्त मासळी सोडली, यांनी सगळंच सोडलं.

पुढच्या आठवड्यात अप्पांनी ताट बाजूला सारलं. पोळी नको, भाकरी नको, कालवण नको. फक्त चहा, दूध, फार तर पेजेचं पाणी. शिवाय बोलणंही थांबलं. विचारलं तर मान हलवायची, आणि सारा वेळ उपरण्याचं टोक तोंडापुढे. अधिक महिना आहे, लोक मौन धरतात, एकभुक्त राहतात, तसा काही नेम धरला असेल असं मी समजले. पण मग ते खुर्ची उचलून मोरीच्या दाराशी नेऊन बसू लागले. सकाळी बसत ते संध्याकाळपर्यंत, त्या बेडकाकडे टक लावून. मधूनच ‘हं! हं!’ असं काहीसं म्हणत, जणू लहान मुलाला घास भरवतायत. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दारचा पाहुणा उपाशी असताना घरधन्याने जेवायचं नाही, ही आपल्या घरची जुनी रीत. रावबहादूर जेवल्याशिवाय अप्पा जेवणार नव्हते! पंच्याहत्तरीचा माणूस आणि बेडूक, दोघेही माझ्यासमोर दिवसेंदिवस वाळत चालले होते. मी शाळेत मुलींना संधी-समास शिकवत होते आणि फळ्यावर मला दोघांच्या बरगड्या दिसत होत्या. (बेडकाला बरगड्या नसतात असं शास्त्राच्या बाई म्हणाल्या. दुःखात असलेल्या माणसाला असं काही सांगू नये.)

मग उपाय सुरू झाले. मी पाण्यात हिंगाष्टक घालून पाहिलं. आपली कामवाली रखमा लालबागेहून येते, तिने मीठमोहऱ्या घेऊन रावबहादुरांची दृष्ट काढली आणि मोहऱ्या तडतडल्या नाहीत तेव्हा माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू मीच नजर लावली. जयवंताने तर कमाल केली. वाडीतून एक दिवस घोषणा ऐकू आल्या म्हणून मागचं दार उघडलं, तर दाराला पुठ्ठा टांगलेला: ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. बेमुदत उपोषण, दिवस सोळावा.’ मी म्हटलं, “अरे जयवंता, बेडूक आजारी आहे.” तर म्हणतो, “ताई, आजारी असूनही बसलाय, हेच तर मोठं!” माणसं यायला लागली. एकाने झेंडूची माळ आणली, ती रावबहादुरांपेक्षा मोठी निघाली, म्हणून अप्पांच्या गळ्यात घातली. अप्पा उपरण्याआडून काहीही बोलले नाहीत, ते लोकांना फारच भारदस्त वाटलं. मग मोरीसमोरच वाद जुंपला. या बेडकाची मागणी बेळगाव-कारवारसह आहे की बेळगाव-कारवार वगळून? बेडूक ज्या अर्थी मागच्या दाराने आला त्या अर्थी तो तडजोडवादी आहे, असंही एकजण म्हणाला, त्यावर हातघाईची वेळ आली. मी सगळ्यांना चहा देऊन घालवलं.

शेवटी सतराव्या दिवशी मी डॉक्टर गाठले. परळला शरदचंद्र म्हणून एक वृद्ध डॉक्टर राहतात, व्हिक्टोरिया गाड्यांच्या घोड्यांना औषध देण्यात त्यांची हयात गेली. रावबहादुरांना हलवल्यास धक्का बसेल म्हणून मी त्यांना गोणपाटाच्या घडीसकट उचललं आणि आईच्या फुलांच्या परडीत ठेवलं. ते पाहून अप्पा खुर्चीतून ताडकन उठले, दोन्ही हात पसरून माझ्या मागे दारापर्यंत आले आणि तोंडातून शब्द न काढता परडीकडे बोट दाखवत राहिले. काय ती माया, दादा! मी म्हटलं, “अप्पा, संध्याकाळपर्यंत सुखरूप परत आणते.” ट्रॅममध्ये कंडक्टरने विचारलं, “बाई, परडीत काय?” माझ्या तोंडून गेलं, “रावबहादूर आहेत. आजारी आहेत.” तो बिचारा पुढचं न ऐकताच ‘अरेरे’ म्हणाला आणि अस्थी समजून त्याने भायखळ्यापासून परळपर्यंत शेजारी कोणाला बसू दिलं नाही.

डॉक्टरांनी चष्म्यावर चष्मा चढवून वरूनच पाहिलं. म्हणाले, “बाई, घोडा आजारी पडला की बसतो. हा मुळातच बसलेला. मी ओळखू कसं?” मग बराच विचार करून त्यांनी एका वाक्यात उपचार सांगितला: “याला माशांवर ठेवा.”

माशांवर! आणि श्रावणात! मी परतीच्या ट्रॅममध्ये रडायचीच बाकी होते. एका बाजूला जीव, दुसऱ्या बाजूला नेम. घरी आल्यावर अप्पांना विचारलं, “डॉक्टर माशांवर ठेवा म्हणतात. आणू का?” त्यांनी दोन्ही हात आणि मान अशी काही हलवली की तो स्पष्ट नकार होता. (हात परडीच्या दिशेनेही हलत होते, पण तो आशीर्वाद असावा.) रात्रभर विचार केला. सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा अप्पांची आज्ञा मोडली. बाजारात कौसल्येला गाठून खाडीची चार कोलंबी घेतली, आणि सभेच्या पत्रकात गुंडाळून पदराखालून घरात आणली. ‘आणखी त्याग करावा लागेल’ असं त्यावर छापलं होतं.

अप्पांचा खुर्चीत डोळा लागलेला पाहून कोलंबी मी बशीत, रावबहादुरांच्या नाकासमोर मांडली. त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. मी एक हलवून दाखवली. नाही. सोलून दिली. नाही. श्रावण मोडला आणि गुणही नाही, अशी मी मोरीत बसून राहिले. तासाभरात वास सुटला आणि बशीवर माश्या आल्या. एक, दोन, पाच, सात. मी हाकलायला हात उचलला, तोच लप्पकन आवाज झाला. रावबहादुरांनी उडी मारली होती! पुन्हा लप्पकन. अकरा माश्या मोजल्या, दादा. कोलंबीला धक्का नाही.

रखमा भांडी घासायची थांबून बघत होती. “गो बाय माझे,” ती म्हणाली, “डाक्टरान मासो नाय, माशी सांगल्यान! भुणभुणता ती! मास्तरीण तुमी, नि येवढा कळूक नाय?”

मी वीस वर्षं व्याकरण शिकवते. ‘माशांवर’ आणि ‘माश्यांवर’ बोलताना कानाला एकच लागतं हे मला कळायला एक घोड्याचा डॉक्टर आणि एक बेडूक लागला. आता सगळंच उलगडलं. रावबहादूर कधी वरणभात खातच नव्हते. कौसल्या मागच्या दारी पाटी उतरवायची तेव्हा पाटीवरच्या माश्या खात होते, आणि बशी लख्ख करत होतं ते तिच्या पाटीमागून येणारं मांजर. कौसल्या थांबली, माश्या थांबल्या, मांजरही थांबलं. मी मात्र त्यात तिथी पाहत बसले.

आणि आता खरी आनंदाची गोष्ट. रावबहादूर जेवले त्याच दुपारी अप्पा मोरीतून बाहेर आले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “राजू, पान वाढ.” चार पोळ्या, वालाची उसळ, वर दोन पापड, तेही कुरुम्‌ कुरुम्‌ आवाज करत! पाहुणा जेवला, धनी जेवला. मी स्वयंपाकघरात तोंड फिरवून डोळे पुसले. असं असताना त्यांना त्या बेडकापासून तोडून नागपूरला न्यायचं म्हणजे काय होईल, तूच सांग. तेव्हा शनिवारी येऊ नकोस. सामान बांधलेलं नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुझी,
राजू

ता. क. एक छोटं काम होतं. रावबहादुरांच्या माश्यांसाठी आता रोज थोडी कोलंबी आणावीच लागते, आणि अप्पांना ते ठाऊक नाही. नागपुरात एखादे शास्त्रीबुवा असतील तर ‘अधिक मास हा मलमास असल्याने त्यातला श्रावण धरण्याची गरज नाही’ अशी एक ओळ त्यांच्या सहीने पाठवशील का?

दुसरा ता. क. लवकर पाठव. काल चार आणली होती. माश्यांना एकच पुरते.

तिसरा ता. क. उरलेली तीन फुकट घालवायची का? वहिनींना हे वाचून दाखवू नकोस. अप्पा हे पाकीट टपालात टाकतो म्हणतायत, म्हणून इथेच थांबते.

॥ श्री ॥

चि. कमलाकांत यास अप्पाचे अनेक आशीर्वाद. विशेष. पाकीट चिकटवण्यापूर्वी मजकूर वाचला, ते गैर केले. पण वाचला हे बरे झाले. मी उपास वा मौन यांपैकी काहीही केले नव्हते. मोरीत चूळ भरताना माझी कवळी पडली, ती गोणपाटाच्या घडीत गेली, आणि सदर बेडूक तिच्यावर बसला तो उठेना. मला बेडकाची लहानपणापासून किळस असल्याने हात घालण्यास धजलो नाही. हलेल म्हणून दिवसचे दिवस बसून राहिलो. कवळी ट्रॅमने परळला जाऊन आली. दातांवाचून जो उच्चार होई तो चारचौघांत काढण्यासारखा नव्हता. कवळी हरवली असे तुला कळते, तर तू मला म्हातारा ठरवून घेऊन गेला असतास, म्हणून लपवले. माशीसाठी त्याने उडी मारली तेव्हा, राजू व रखमा बोलण्यात गुंतल्या असता, मी कवळी उचलली, तीनदा उकळली.

कोलंबीचा वास मला तीन दिवस येतो आहे. शास्त्रीबुवांची ओळ पाठवावी. थोडी कडक भाषेत असावी, म्हणजे मला मानता येईल.

चि. राजूस वाटते की बेडूक माझ्या सोबतीस आहे. वस्तुस्थिती अशी की तुमची आई गेल्यावर ही पोर शाळेतून येऊन भिंतीकडे तोंड करून वह्या तपासत बसे. हल्ली आली की आधी मोरीत जाते आणि अर्धा तास बोलते: आज कोण मुलगी रडली, कोणी समास चुकवला. मी बाहेरून सर्व ऐकतो. म्हणून त्याला घरात ठेवला आहे. यातले तिला काही कळवू नये.

तू मला नेण्यास येऊ नये. सहज भेटीस जरूर यावे, आणि आल्यावर तिच्यादेखत बेडकाचे दोन शब्दांनी कौतुक करावे. मला ते नीट साधत नाही.