दुपारच्या प्रयोगातलं शेवटचं गाणं

सोमवार, ता. ९

प्रिय ताई,

नमस्कार. तुझ्या गुडघ्याचं वाचलं. जिने चढू नकोस हे सांगायचं काम माझं, न ऐकायचं तुझं. इकडे सगळं ठीक. पियानोच्या तारा नव्या बसवल्या, आमचा व्हायोलिनवाला बाप झाला, आणि वादक सोडले तर थिएटरात सगळे वेळेवर येतात.

तुझ्या जाऊबाई नाटक पाहून म्हणाल्या ना, "तुझ्या भावजयीचा आवाज ऑपरेशननंतरही तस्साच!" मागच्या पत्रात मी या विषयाला बगल दिली होती. खरं तर आजही देणार होतो.

तो आवाज तिचाच आहे ताई, पण जुना. गळ्याच्या ऑपरेशनमध्ये नसेला धक्का लागला. बोलणं परत आलं, गाणं आलं नाही. मी तिच्यासाठी एकेक पट्टी उतरवत गेलो, तरी जमेना. मग नाटक कंपनीच्या मालकांनी आजारापूर्वीचं रेकॉर्डिंग काढलं. गाणं आलं की तिचा माइक बंद होतो, टेप लागते, ही नुसते ओठ हलवते. मी खाली, रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यात उभा राहून सगळ्यांना टेपच्या मागे हाकतो. आयुष्यभर मी हिच्या श्वासावर वादकांना हाताने इशारा दिला. आता माझ्या हाताकडे बघून हिने श्वास घ्यायचा.

काल दुपारच्या प्रयोगाआधी ती मालकांकडे गेली. "शेवटचं गाणं मी गाणार. टेप नको."

"हो बाई, गा की," ते म्हणाले. नंतर मला बाजूला घेतलं. "मास्तर, टेप लागणारच. लोक तिकीट काढून रडायला येतात, कीव करायला नाही."

मी भांडलो. "मग तुम्हीच सांगा बाईंना," म्हणाले. मेकअपच्या खोलीपर्यंत गेलो. ती आरशासमोर गुणगुणत होती. दारातूनच परत फिरलो.

ती जीव तोडून गायली, बंद माइकवर. गाणाऱ्याला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून तिच्या पायाशी एक छोटा स्पीकर असतो, तो मालकांनी बंद ठेवला होता. त्यामुळे हॉलमधून जे घुमून परत आलं, ते तिला आपलंच वाटलं. खरा आवाज फक्त आम्हाला, खड्ड्यातल्या पुढच्या दोघा-तिघांना ऐकू आला. घोगरा, मधेच तुटणारा. एका ठिकाणी तर नुसती हवा. व्हायोलिनवाल्याने मान खाली घातली. लोक मात्र उभे राहिले. टाळ्या थांबेनात.

विंगेत ती माझ्या गळ्यातच पडली. "कुणाला फरक कळला नाही रे! कुणालाच नाही!"

"नाही कळला," म्हणालो. ते काही खोटं नव्हतं.

आज सकाळपासून घरात रियाज चालू आहे. शनिवारपासून टेप कायमची बंद, असं तिने मालकांना कळवूनही टाकलंय. मालक म्हणतात, "घरचा मामला आहे मास्तर, तुम्हीच बघा." मी दोनदा सांगायला म्हणून तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा चहा मागितला. तिने गातगातच करून दिला. ताई, इतकी खूश मी तिला कितीतरी महिन्यांत पाहिली नव्हती.

आत्ता आतून ओरडून विचारतेय, "ताईंना लिहिलंस का, माझा आवाज मोकळा झाला म्हणून?"

लिहिलंय, म्हणालो. तर तिचा फोन येईल तेव्हा तू तिचं अभिनंदन कर. दुसरं काय करायचं ते मला कळत नाही. कळलं तर तू सांग.

नुसते हात हलवणारा,
तुझा धाकटा