गल्लीकडची बाजू

प्रिय फूटपट्टी,

ज्या बाजूने कुणी बघत नाही, ती बाजू नीट कशासाठी करायची? आपल्या वास्तुरचनेच्या ऑफिसात सगळ्यांसमोर तू मला हे विचारलंस आणि मी गप्प बसले. मी गप्प बसू शकते याचंच लोकांना जास्त नवल वाटलं. तू दुसऱ्या गावी साइटवर गेल्यापासून मी कागदावर नुसत्या रेघा मारते, खोडते, उठते, खिडकीपाशी जाते, परत येऊन बसते. शेजारच्या टेबलावरून टोमणा आलाच, ‘मास्तरीणबाई, रबराला तरी विसावा द्या!’

तुला ठाऊक आहे तेच सांगते आहे, पण मला ते पुन्हा म्हणावंसं वाटतंय. ग्रीक खांबांच्या तीन तऱ्हा, त्यांतल्या डोरिकचा माथा पसरट वाडग्यासारखा. कुठूनही बघा, सारखाच. कोरिंथियनला चहूकडून पानं. आयोनिकचं मात्र माणसासारखं आहे, त्याला तोंड असतं. समोरून दोन सुंदर वेटोळी, आणि बाजूला जाऊन पाहिलं तर गुंडाळून ठेवलेली अंथरुणाची वळकटी. रांगेत उभा असेपर्यंत ठीक. पण देवळाचा कोपरा आला की पंचाईत, कारण तिथे दोन्हीकडून लोक येणार. मग जुन्या ग्रीक कारागिरांनी कोपऱ्यावरचं वेटोळं तिरकं बाहेर ओढलं आणि खांबाला दोन बाजूंना दोन तोंडं दिली. कॉलेजात हे शिकवलं त्या दिवशी मी खुळ्यासारखी हसत घरी आले होते. कारण वाचनालयाच्या कोपऱ्यावरच्या ज्या खांबाला टेकून मी सगळा अभ्यास केला, तो तसाच होता. गल्लीतल्या आमच्या इस्त्रीच्या दुकानात धग असायची, म्हणून बाबा मला समोर वाचनालयाच्या पायऱ्यांवर पिटाळायचे. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून वर बघितलं की ती वेटोळी आमच्याकडेही वळलेली दिसायची. बाकी सगळी इमारत हमरस्त्याकडे बघत होती, एवढा एक खांब आमच्याकडे.

आता पावसापाण्याने त्याचा माथा झिजून ढासळला, दुरुस्तीचं काम आपल्या ऑफिसकडे आलं, आणि तू मधल्या खांबांच्याच साच्यातून नवा काढायचं ठरवलंस. वेगळा साचा म्हणजे वेळ, कटकट. ऑफिसातले आपले सर मला म्हणाले, ‘अगं बाई, तिकडून फक्त कचऱ्याची गाडी येते.’ सगळे हसले. तूही हसलास. त्या गल्लीत काय आहे हे सरांना माहीत नव्हतं, तुला होतं. परवा माथा चढला. हमरस्त्याकडे वेटोळी, आमच्याकडे वळकटी. बाबा दुकानातून मान वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, ‘काय गं, हा आता आपल्याशी बोलत नाही वाटतं?’ मी हसले खरी, पण तेव्हापासून पायाला भिंगरी लागली आहे.

खांबासाठी एवढं कोण तळमळतं, असं तू म्हणशील. बरोबर आहे तुझं.

गेल्या रविवारी तुझी आई वाचनालयाचं काम बघायला आली होती. तू मला सांगितलं नव्हतंस. मी दुकानात चादरींच्या घड्या घालत होते. गल्लीच्या तोंडाशी आलात तेव्हा तू आईच्या उजवीकडे होतास. एकदम डावीकडे आलास, आमच्या आणि त्यांच्या मध्ये, आणि हात लांब करून त्यांना रस्त्यापलीकडची बँक दाखवू लागलास. त्या बँकेत बघण्यासारखं काय आहे रे? बाबांनी तुला बघून हात वर केला होता. मग त्याच हाताने त्यांनी कपाळ पुसलं आणि मला म्हणाले, ‘घाईत असेल पोरगा.’ घरात पदवी घेणारी मी पहिली. निकाल लागला तेव्हा येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते थांबवून सांगत होते. त्यांना तुझी बाजू सावरून घ्यावी लागली, हे माझ्याच्याने बघवलं नाही.

म्हणून काल मी तुझ्या घरी गेले. तुझ्या आईला म्हटलं, चला, माझं घर दाखवते. हमरस्त्याने नाही, मागून, गल्लीतून थेट दुकानात नेलं. बाबांनी लगबगीने स्टूल पुसून दिलं. त्या टेकल्या, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाल्या, ‘आमचा म्हणाला होता, तुमचा कपड्यांचा व्यवसाय आहे.’ बाबा म्हणाले, ‘आहे ना. लोकांच्या कपड्यांचा!’ आणि स्वतःच खो खो हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, ‘तुम्ही ओळखता त्याला?’ बाबा म्हणाले, ‘म्हणजे काय! इथेच तर बसतो तुम्ही बसलात तिथे. कॉलर कडक लागते त्याला.’ मग मी त्यांना सांगितलं, की आपण लग्न करायचं ठरवलं आहे. तू सांगणार होतास, योग्य वेळी. ती वेळ मी काल दुपारी आणली. बाबांनी इस्त्री उभी करून ठेवली. निघताना तुझ्या आईने मला एवढंच विचारलं, ‘तू मला इथे आणलंस, हे त्याला माहीत आहे?’ मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, ‘मग आधी तू सांग. मी बोलले तर नुसती भांडेन.’ त्या कुणाशी भांडणार, हे मी विचारलं नाही. तर हे सांगितलं. तुझी परवानगी मागायला लिहिलेलं नाही. जे व्हायचं ते होऊन गेलं आहे.

तुझीच, पण दोन्ही बाजूंनी दिसणारी,
मास्तरीणबाई