साय आणि कड

प्रिय धाकटे,

पत्र बघून हसशील. माझ्या दुकानातून रस्ता ओलांडला की तुझं दुकान, आणि ताई पत्र लिहितेय! पण तुझ्या काचेसमोर आले की माझं तोंडच उघडत नाही. आत सहा खुर्च्या, सहाही भरलेल्या. जळफळाट होतो माझा, उगाच कशाला लपवू?

नख धरायला तुला मी शिकवलं. कानस एकाच दिशेने चालवायची, मागेपुढे घासली तर नखाचे पदर सुटतात, हेही माझंच. नखावर बुडाशी चढतो त्या पातळ पापुद्र्याला ‘साय’ हे नाव मीच ठेवलं. मग तू आठ महिन्यांचा कोर्स करून आलीस आणि गिऱ्हाइकांदेखत मला म्हणालीस, ताई, साय वेगळी आणि कड वेगळी. साय मेलेली, ती हळूच खरवडायची. कड म्हणजे जिवंत कातडी, तिच्यामुळे नखाच्या मुळाशी घाण शिरत नाही, तिला कात्री लावायची नाही. मी वीस वर्षं दोन्हीला सायच म्हणत आले होते आणि दोन्ही कापत आले होते. कालची पोर मला शिकवते म्हणून त्या दिवशी तर कड मुद्दाम कापली.

एकेक बाई तुझ्याकडे वळली, ते एक वेळ गिळलं. पण आईसुद्धा? तिच्या अंगठ्याचं जाड झालेलं नख दर महिन्याला कोमट पाण्यात भिजवून मी कापायची. परवा पाय पुढे करून म्हणाली, धाकटीचा हात किती हलका गं! मी छान म्हटलं आणि आत जाऊन आवरलेलं कपाट पुन्हा आवरत बसले. नख खरंच छान होतं, सरळ कापलेलं, कोपरे न कोरलेले. तेच जास्त झोंबलं.

आता शिंपीणबाईंचं. त्या आधी तुझ्याकडे आल्या होत्या, आणि आठवड्याने तुझ्याकडे गर्दी म्हणून माझ्याकडे. मग बोट सुजलं, पू झाला, डॉक्टरांनी चीर दिली. सुई धरता येत नाही. हे कुणामुळे झालं असेल, असं त्यांनी मला विचारलं. मी एक शब्द बोलले नाही गं. नुसतं तुझ्या दुकानाकडे बघितलं. पुढचं काम गल्लीने केलं.

काल आईने सांगितलं, तू तीन दिवस अवजारं उकळतेयस, तुझ्याकडच्या मुलींवर ओरडतेयस आणि दुकान बंद करायचं म्हणतेयस. करू नकोस. तुझी अवजारं स्वच्छ आहेत. कड मी कापली. रक्ताचा थेंब आला, तो कापसाने टिपला आणि वर लाल रंग लावून दिला. आज सकाळी शिंपीणबाईंच्या घरी जाऊन हे सगळं सांगितलं, तर त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. बहिणीसाठी स्वतःवर आळ घेतेस, किती मोठं मन तुझं, म्हणाल्या. खरं सांगून आले आणि वर कौतुक घेऊन आले! म्हणून हे लेखी देतेय. त्यांना दाखव, गल्लीला दाखव, हवं तर काचेवर चिकटव.

तुझीच,
अजूनही जळणारी ताई