देवरूखचं वळण

ता. १४ डिसेंबर १९३१, सोमवार

आज पुन्हा देवरूखच्या वळणावर डबे पडले. इंजिन रत्नागिरीहून सुटतं झकास. पडवीच्या दुसऱ्या खांबाशी वळलं की मागचे दोन्ही डबे आडवे, आणि इंजिन एकटंच पुढं जयगडाकडे. मागे काय झालं याची त्याला दादच नाही.

दाऊद वैतागला. जयगड त्याचं गाव. "माझ्या गावाला नुसतं इंजिन येतंय. माणसं कधी येणार?"

नाना म्हणाला, "देवरूख माझं गाव. तुझ्याकडे इंजिन तरी पोचतं, माझ्या दारात रोज अपघात."

समोरचे मास्तर रस्त्यावरून जाता जाता ओरडले, "म्हाताऱ्यांनो, खेळ झाला का?" नानानं उत्तर दिलं, "सरकार आगगाडी आणीत नाही तोवर पडवीत आणलीय. तिकीट काढून आत या."

ता. १९ डिसेंबर, शनिवार

सौ.चं नवीन मागणं. हेदवी तिचं माहेर, तर तिथं स्टेशन हवं. नाना म्हणाला, "वहिनी, मधे खाडी आहे." ती म्हणाली, "भावोजी, मग पूल बांधा. पडवी माझी आहे."

झालं. दाऊद लगेच पुलाला लागला. जन्मभर गलबतावर तांडेल होता, लाकूड त्याच्या हातात लोण्यासारखं वळतं. मात्र डबे केलेत तेही गलबतासारखेच, दोन्ही टोकांना निमुळते. नाना पहिल्या दिवशी म्हणाला होता, "हा डबा की होडी?" दाऊद म्हणाला, "खाडीत पडला तर तरंगेल. तुमच्या रेल्वेचे तरंगतात?"

हेदवीचं स्टेशन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी ठरलं. म्हणजे शेवटचं स्टेशन आलं की चहा.

ता. ४ जानेवारी १९३२, सोमवार

सगळे उपाय केले. डब्यात वजनं ठेवली. आसांना तेल दिलं. कणगी सरकवून वळण रुंद केलं. पिंपाच्या पट्ट्यांचे रूळ उखडून पुन्हा ठोकले, खाली जांभ्याच्या कपच्या नव्यानं घातल्या. डबे पडतात ते पडतातच.

मी घड्याळं दुरुस्त करणारा माणूस; इंजिनातली चावीची स्प्रिंग माझीच. शिकलो तेही कुणाकडे नाही, मोडून मोडून. घड्याळाचं चाक बिघडलं तर ते मला सांगतं कुठं दुखतंय. हे चाक तोंड उघडीना.

चाकांना आम्ही पितळी पत्र्याची कड बसवली आहे, रुळावरून घसरू नये म्हणून. ती बाहेरच्या बाजूनं असते हे नानानं सांगितलं. "रुळाला बाहेरून कवटाळून धरते, कमरेला हात घालावा तशी." मी वळणावर पालथा पडून पाहिलं. कड बाहेरच्या खिळ्यांवर चढते आणि डबा उलटतो. तसं म्हटलं तर नाना म्हणाला, "मग खिळे चुकले. कड बरोबर आहे. उभा जन्म रेल्वेत काढलाय मी."

 आमच्यात रेल्वे जवळून पाहिलेला तो एकटा. बोरीबंदरला तिकिटं तपासत होता. मी मुंबईला एकदाच गेलो, तरुणपणी, आणि आगगाडी पाहिली ती लांबून, धूरच जास्त.

शिमग्यात देवीची पालखी आमच्या अंगणात येते, सगळी वाडी पडवीत बसते. नानानं आताच सगळ्यांना सांगून ठेवलंय की त्या दिवशी गाडी हेदवीपर्यंत जाईल. 

ता. २० जानेवारी, बुधवार

दाऊद दुपारी एकटाच आला. रोजे चालू आहेत, चहा नाही, पान नाही, त्यामुळे स्वारी चिडखोर. बराच वेळ पुलाचा एक खांब तासत बसला. मग म्हणाला, "आबा, एक सांगू? रागावू नको. माझा भाचा भायखळ्याला असतो. तो म्हणतो, नानाला रेल्वेत कुणी बघितला नाय. तिकडे खानावळीत वाढपी होता."

मी म्हटलं, "भाच्याला काय कळतं."

"त्या खानावळीत तो स्वतः जेवलाय."

"नाना नावाची माणसं मुंबईत काय थोडी आहेत?"

दाऊदनं तासलेला खांब खाली ठेवला. जाताना म्हणाला, "रोजा आहे, खोटं बोलणार नाय. खरं असलं तरी मला काय फरक पडत नाय. पण वाडीसमोर डबे पडले तर लोक त्याला विचारतील. मास्तर तर सोडायचा नाय."

हे मात्र खरं. नाना पुतण्याच्या घरात एका खोलीत राहतो. तिथं त्याचं कुणी ऐकत नाही. इथं पडवीत आला की खिशातली शिट्टी काढतो, छाती पुढे येते. ती शिट्टी काढून घेतली तर त्याच्यापाशी काय उरेल?

ता. ६ फेब्रुवारी, शनिवार

मुंबईहून जावयांचं बोलावणं. माईला मुलगी झाली, बारशाला या. सौ. गुडघ्यांमुळे पडावात चढू शकत नाही, म्हणून एकटाच निघालो. ट्रंकेत डिंकाचे लाडू, कुळथाचं पीठ, बाळंतिणीचं सगळं.

बंदरावर नाना आणि दाऊद दोघे पोचवायला. दाऊद मोठ्यानं म्हणाला, "बोरीबंदरला जा आणि चाकं बघून ये. एकदा सोक्षमोक्ष होऊ दे."

 मी पडावात पाय ठेवला तेव्हा नाना खाली वाकून, हळू म्हणाला, "जा हो बोरीबंदरला. बघण्यासारखंच आहे. पण माझ्या ओळखीचं तिथं आता कुणी नसेल. विचारत बसू नकोस."

पडाव आगबोटीपर्यंत जाईतो तो धक्क्यावर उभा होता. हात नाही हलवला. नेहमी शिट्टी वाजवतो, तीही नाही.

ता. ११ फेब्रुवारी, गुरुवार. मुंबई, गिरगाव

काल बारसं छान झालं. मुलगी काळीसावळी, डोळे माईचे. नाव मी सुचवलेलं ठेवलं नाही. असो.

आज जावयांबरोबर बोरीबंदर. केवढी ती इमारत! आत गेलो आणि गाडी समोरच उभी. चाकं बघायला वाकलो, तर चाकं दिसेनात. प्लॅटफॉर्म डब्याच्या पायरीपर्यंत उंच, खाली नुसता अंधार. जावई म्हणाले, "काय पडलं का तुमचं?"

पार टोकाला चालत गेलो. तिथं प्लॅटफॉर्म उतरत जातो आणि पलीकडच्या रुळावर रिकामं इंजिन उभं होतं. स्वच्छ दिसलं. कड आतल्या बाजूला. आम्ही केली त्याच्या बरोबर उलट. एवढी सोपी गोष्ट. हसू आलं, आणि लगेच नानाची शिट्टी आठवली.

परत येताना तिकीट तपासणारे दोघेतिघे फाटकाशी उभे. त्यांच्यात एक माझ्याच वयाचा, पांढऱ्या मिश्यांचा. त्याच्यापाशी गेलो. नानाचं पूर्ण नाव जिभेवर होतं. "काय हवंय आजोबा?" असं त्यानंच विचारलं. (आजोबा म्हणे! मेला माझ्यापेक्षा थोरला दिसत होता.)

मी विचारलं, "पाण्याचा नळ कुठं आहे?"

त्यानं दाखवला. तहान नव्हती तरी ओंजळभर प्यायलो.

ता. १८ फेब्रुवारी, गुरुवार

काल परतलो. आगबोटीत पित्त झालं. दाऊद ईदच्या शिरखुर्म्यातला माझा वाटा सौ.कडे देऊन गेला होता, तो आपणच संपवला असं तिनं दाऊदसमोर कबूल केलं.

नाना यायच्या आत दाऊदला सांगितलं, कड आत असते. त्यानं मांडीवर थाप मारली. "बघ! मी बोललो नव्हतो?"

"थांब. प्लॅटफॉर्मवरून चाक दिसत नाही. मी उभा राहून, वाकून, सगळं करून पाहिलं. तिकिटं तपासणारा माणूस जन्मभर तिथं उभा राहील आणि त्याला चाक दिसणार नाही."

"आणि खानावळीतल्याला?"

"त्यालाही नाही दिसणार."

दाऊदनं पानाची पिंक टाकली. "आबा, तू उगाच घड्याळात गेलास. वकील व्हायला हवा होतास."

त्याचं म्हणणं, आपण दोघांनी गुपचूप चाकं उलटी घालू, नानाला कळणार नाही. मला ते पटेना. त्याच्याच गाडीत त्याच्या पाठीमागे हात घालायचा?

ता. २१ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं. जमेल तितकं हलक्या हातानं. "नाना, मुंबईत एक इंजिन बघितलं, त्याची कड आतून होती."

तो रुळाला तेल लावत होता. हात थांबला. "कुठल्या कंपनीचं?"

"ते नाही बघितलं."

"दुसऱ्या कंपनीचं असेल. आमच्या लाईनीत बाहेरून."

"असेल."

दाऊद खोकला. मी त्याच्याकडे डोळे वटारले. नानानं ते पाहिलं. तेलाची वाटी नीट जागेवर ठेवली, हात पुसले, सौ.ला "येतो वहिनी" म्हणाला आणि चहा न घेता गेला.

ता. २६ फेब्रुवारी, शुक्रवार

नाना आला नाही. त्या दिवसापासून नाही. पुतण्याकडे चौकशी केली तर म्हणाला, बरा आहे, झोपून असतो.

पडवी ओकीओकी वाटते. दाऊद पुलाला रंग लावतो आणि स्वतःलाच शिव्या देतो. "माझा खोकला नडला." सौ. माझ्यावरच घसरली. "तुम्हाला चाकच महत्त्वाचं. डबे पडत होते तर पडत होते. रोज तिघं हसत तरी होतात."

खरंच, गाडी नीट चालावी असं आम्हाला कधी फार वाटत होतं का? देव जाणे.

सौ.नं आज नानाच्या पुतण्याबरोबर निरोप धाडला. "भावोजींना सांग, हेदवीला स्टेशनमास्तर नाही. माझं माहेर वाऱ्यावर पडलंय."

ता. २ मार्च, बुधवार

सकाळी अंगणात सडा पडतोय तोच नाना पडवीत. मी दात घासत होतो. रामराम नाही, काही नाही. खाली बसला, चिमटा उचलला आणि डब्याची चाकं आसातून काढायला लागला. एकेक चाक काढून उलटं बसवलं. कड आत.

मी तोंड धुऊन जवळ बसलो. मान वर न करता म्हणाला, "मी विचार केला. इथलं वळण कोकणातलं. आपल्याला ती दुसऱ्या कंपनीची पद्धतच बरी."

"मलाही तसंच वाटतं."

"तसं रेल्वेत दोन्ही चालतं."

"चालत असणारच."

दाऊद आला आणि दारातूनच त्यानं पाहिलं. नुसता हेदवीच्या पुलावर फुंकर मारून धूळ उडवत बसला.

गाडी सोडली. दुसरा खांब. वळण. डबे किंचित कलले आणि सावरले. देवरूख गेलं, जयगड आलं! दाऊद उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, म्हणे रंगाचा वास लागला.

ता. २५ मार्च, शुक्रवार

पालखी आली. ढोल, गुलाल, पडवीत पाय ठेवायला जागा नाही. धुराड्यात उदबत्तीचा तुकडा लावला होता, धूर मस्त निघाला. नानानं शिट्टी वाजवली. गाडी पुलावरून हेदवीला लागली तेव्हा बायकांनी सौ.ला मिठ्या मारल्या, जणू तीच माहेरी पोचली. मास्तर म्हणाले, "नाना, रेल्वेतला माणूस तो रेल्वेतलाच." नानानं मान तुकवली.

मग जेवणं. माणसं जास्त, वाढणारे कमी. नाना उठला. डाव्या हातावर कोपरापर्यंत चार ताटं, उजव्या हातात आमटीची बादली, आणि गर्दीतून असा सरसर गेला की एक थेंब सांडला नाही.

दाऊदनं मला कोपरानं ढोसलं. मी पुरणपोळीकडे पाहिलं. पोळी फार चांगली झाली होती.

ता. ३ एप्रिल, रविवार

आज दोघंच होतो. दाऊद बहिणीकडे गेलाय. नाना इंजिनाला चावी देत होता. अचानक म्हणाला, "बोरीबंदरला गेला होतास, तेव्हा माझं नाव काढलंस का कुणाजवळ?"

"नाही."

"का?"

"तूच म्हणालास विचारत बसू नकोस."

"ते खरं." चावी देत राहिला. स्प्रिंग करकरायला लागली तरी देतच होता, मी हात धरला तेव्हा थांबला. गाडी सोडली. वळणावरून गेली, जयगड, पूल. आम्ही दोघं ती हेदवीला लागेपर्यंत बघत राहिलो.

पाठमोरा उठता उठता म्हणाला, "पुढच्या खेपेला विचार."

सौ. चहा घेऊन आली. त्यानं दोन कप घेतले. पुढच्या आठवड्यात संगमेश्वरचं स्टेशन करायचं म्हणतोय.

दिवाळीला नातीला बघायला मुंबईस जायचं आहे. धक्क्यावरून गिरगावला जाताना बोरीबंदर तसं वाटेत लागत नाही. मुद्दाम वळून जावं लागेल.