उभी रेकॉर्ड, आडवी सुई

६ जानेवारी, सकाळी १०
नव्या वर्षाची नवी रोजनिशी. (सहा दिवस पेन सापडत नव्हतं.) कसबा पेठेतल्या अख्तरबानू, माझ्याबरोबर शाळेत शिकवायच्या, त्यांनी आपल्या गायिका नानीची रेकॉर्ड माझ्याकडे सोपवली. शंभर वर्षांपूर्वीची, ही एकच उरलेली. घरात ग्रामोफोनचं मशीन नाही, त्यामुळे त्यांनी कधी ऐकलेलीच नाही. म्हणाल्या, अहो रंगनाथराव, ब्याऐंशी पूर्ण झाली मला, एकदा नानीचा आवाज कानावर पडू द्या. काम योग्य माणसाकडे आलं. एकोणीस तारखेला आमच्या तबकडी मित्र मंडळात जाहीर श्रवण. निवेदन: मी.

७ जानेवारी
मंडईजवळ ग्रामोफोन दुरुस्त करणाऱ्या श्याम मिस्त्रीला रेकॉर्डचा फोटो पाठवला. मत मागायला नव्हे, त्याला कळावं म्हणून. लगेच फोन. काका, ही उभी आहे बरं का, म्हणाला. हसू आलं. रेकॉर्ड उभी ठेवतात हे मला चाळीस वर्षं माहीत आहे. उभीच आहे, दोन शब्दकोशांच्या मधे, असं सांगून फोन ठेवला. तो पुढे काहीतरी बोलत होता.

१० जानेवारी
लावली. नुसती खरखर. बायको (द्वारका) म्हणाली, तवा घासताय का? तिला गाण्यातलं कळत नाही. अत्यंत संयत गायकी आहे. मिनिटभर ऐकून थांबलो.

११ जानेवारी
नवी स्टीलची सुई. संयम कायम. श्यामचे तीन मिसकॉल. बिझी होतो.

१४ जानेवारी, संक्रांत, दुपारी १२.३०
कारण सापडलं! सुईवर वजन कमी पडतंय. सुई बसते त्या साउंडबॉक्सला अडकित्ता बांधला. काळी भुकटी निघू लागली. म्हणजे शंभर वर्षांची धूळ, परस्पर साफसफाई. शेवटचं बोटभर राहिलं होतं, तेवढ्यात द्वारकाची हाक: गुळपोळी तव्यावरून उतरली आहे, यायचं तर आत्ता या, तबकात आणून मिळणार नाही. मशीन बंद करून गेलो. या घरात संशोधनाला किंमत नाही. चार पोळ्या. मग झोप.

१७ जानेवारी
श्याम घरीच आला. रेकॉर्ड उजेडात धरली आणि खुर्चीत बसला. उभी म्हणजे कपाटातली उभी नव्हे म्हणे. नेहमीच्या रेकॉर्डची खाच डावी-उजवीकडे वळते, सुईही तशीच आडवी हलते. हिचं गाणं खाचेच्या तळाशी, वर-खाली. तिला वेगळी, गोल टोकाची सुई लागते. माझी टोकदार सुई तळ नांगरत होती. भुकटी म्हणजे धूळ नव्हे, गाणं.
हे फोनवर सांगायला हवं होतंस, म्हटलं. त्याने नऊ मिसकॉल दाखवले.
मंडळाला कळवलं, कार्यक्रम तांत्रिक कारणास्तव रद्द.

१९ जानेवारी, संध्याकाळी ७
श्यामचं दुकान. त्याने साउंडबॉक्स फिरवून योग्य सुई बसवली होती. अख्तरबानू ठेवणीतली साडी नेसून आल्या. तीन मिनिटं खरखर. मी फरशी बघत होतो. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. आणि अगदी शेवटी, त्या बोटभर जागेत, एका तानेचं टोक. मग एक पातळ आवाज, हाजराबी, पुनावाली, असं स्वतःचं नाव सांगणारा. आणि खुदकन हसणं.
अख्तरबानूंनी श्यामचं मनगट धरलं. पुन्हा लावा, म्हणाल्या. माझी आई अशीच हसायची. अकरा वेळा ऐकलं. डोळे पुसून मला विचारलं, एवढंच कसं हो वाचलं?
मी ध्वनिसंवर्धनावर सुरुवात केली. श्याम माझ्याकडे बघत राहिला. मग खरं सांगितलं. सगळं, अडकित्ता आणि गुळपोळीच्या हाकेसकट.
त्यांनी रेकॉर्ड उचलून पदरात गुंडाळली. मग म्हणाल्या, वहिनींना माझा सलाम सांगा.
घरी येऊन सांगितला. द्वारका म्हणाली, आणखी काही वाचवायचं असेल तर आधी सांगा, गूळ चिरून ठेवते.