वेली उतरवल्या

१९ सप्टेंबर १९४५
मधुमालतीचा मांडव भरला. लढाईवरून आलेल्या शिपायांसाठी दवाखान्यामागे बाग करा, असं डॉक्टर म्हणाले तेव्हापासून हेच डोळ्यांपुढे होतं. गर्द सावली, कडेनं पाटाचं पाणी. दुपारी आत बसलो. पुस्तक कधी मिटलं, कळलं नाही.

२३ सप्टें.
अंतरवालीचा नारायण मांडवात पाऊल टाकत नाही. ब्रह्मदेशातून आल्यापासून नीट झोप नाही, जागेपणी शब्द नाही. उन्हात बसतो, मांडवाकडे तोंड करून. पाठ म्हणून फिरवत नाही. डॉ. म्हणाले, "संक्रांतीपर्यंत पाहू. नाहीतर हैदराबादला, वेड्यांच्या इस्पितळात." त्याची बायको यमुना तिथंच उभी होती.

२६ सप्टें.
यमुनेला विचारलं, तो मांडवात का येत नाही.
"मांडव लई चांगलाय, मास्तर. पर ह्यांनी लढाईत झाडीच पाह्यली. डोळा लागला की वरडत्यात, पाला हाललाय, पाला हाललाय! आमच्या रानात कसं, उभं राह्यलं की पार वडीगोद्रीची वाट दिसती."
बाग कोणासाठी केली मी? झोप तर मलाच येत होती.

२ ऑक्टो.
वेली उतरवल्या. हाताला अजून वास आहे.
डॉ.: "पुण्याला वनस्पतिशास्त्र शिकलात, आणि शेवटी माळ तो माळच!"

७ ऑक्टो.
जमीन नांगरली. काळी, उघडी, गेटापर्यंत नजर जाते. नारायण मधोमध जाऊन बसला. ढेकूळ फोडलं, हुंगलं. मग म्हणाला, "ज्वारीचं बी कुठंय?"
यमुना हसता हसता रडली. "तोंड उघडलं ते बी ज्वारीसाठी! मी कशी हाय, ते न्हाई इचारलं."

१८ नोव्हें.
त्यानंच पेरलेली ज्वारी गुडघ्याच्या वर. दुपारी तो बांधावर झोपतो. त्याच्याजवळ बसलो की मलाही वाटतं, शेत हळूहळू वाहत चाललंय, आपण काठावर.
आज एकदम दचकलो. ज्वारी पुरुषभर वाढते! हरभरा सुचला कसा नाही मला?

८ डिसें.
ज्वारी छातीला लागली. वारा आला की पानं सळसळतात. कापू का, विचारलं. नारायणानं सळसळणारं एक पान मुठीत धरलं.
"न्हाई. राहू द्या."
ही त्याची इच्छा, की माझी सुटका?

२१ डिसें.
डोक्यावर गेली. आज नारायण आपणहून आत शिरला. थोडा वेळ फेटा दिसला, मग तोही नाही. वारा आला, सगळं रान हाललं. यमुनेनं माझ्याकडे पाहिलं, मग हाक मारली, "अहो!"
बऱ्याच वेळानं आतून, "हाय हितंच."
अजून बाहेर आलेला नाही. ऊन कलतंय. ती बांधावर बसली आहे, मीही. तिनं पुन्हा हाक मारलेली नाही.